ढोलाच्या रांगेतील आमची मुले

व्यापारी बंधूंच्या स्मरणिकेत ढोल-ताशांचा विषय निघालेला पाहून काही सभासदांना नवल वाटेल. पेढी, गल्ला, उधारी आणि जमाखर्च यांच्या पसाऱ्यात ढोलाला स्थान ते कोठले? २०२४ सालच्या भाद्रपदापर्यंत आमचेही मत याहून निराळे नव्हते. ते मत कसे पालटले, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आणि आमच्यासारखे जे आईबाप मुलांच्या छंदाकडे कपाळाला आठी घालून पाहतात, त्यांच्या उपयोगी पडावे एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आमचे घराणे मूळचे परभणीकडील. १९५६ पर्यंत परभणी आणि हैदराबाद ही एकाच राज्यातील गावे असल्यामुळे व्यापारानिमित्त इकडे येणे म्हणजे परमुलखात जाणे नव्हते. पुढे राज्ये निराळी झाली, पण पेढी येथेच राहिली आणि आम्ही हिमायतनगरचे झालो. या शहराला वाद्यांचे वेड जुनेच. निजामाच्या चाकरीत आलेल्या अरब आणि सिद्दी लोकांनी आणलेला मरफा येथील लग्नघरांत अजून वाजतो. आषाढात बोनालूच्या मिरवणुकीत डप्पू घुमतात. गणपतीत तर बशीरबाग आणि लिबर्टीवरून हुसेनसागराकडे जाणारी मिरवणूक आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून जाते. खैरताबादच्या गणपतीची स्थापना १९५४ सालची. तेव्हापासून हा उत्सव वाढतच गेला आहे. आमची दोन्ही मुले लहानपणी तीनमारचा ठेका ऐकू आला की ताट तसेच टाकून गच्चीवर धावत. त्यांच्या मातोश्रींनी हे हेरले आणि दोघांनाही तबला शिकावयास घातले. आम्ही फी भरली, पण मनातून त्यास करमणुकीपलीकडे किंमत दिली नाही.

थोरली कन्या चार्टर्ड अकौंटंटच्या अभ्यासासाठी पुण्यास गेली. दुसऱ्या वर्षी आषाढाच्या सुमारास तिचा दूरध्वनी आला, “बाबा, मी ढोलपथकात नाव घातलं आहे.” आम्ही एकामागून एक तीन हरकती घेतल्या. पहिली अभ्यासाची, दुसरी, एवढ्या गर्दीत मुलीच्या जातीने मिरवावे काय, ही, आणि तिसरी, जिच्यावर आम्ही सर्वांत अधिक जोर दिला ती, चामड्याची. ज्या घरात चामड्याचा पट्टासुद्धा वापरीत नाहीत, त्या घरच्या मुलीने कातड्यावर टिपरू मारावे, हे आमच्याने मानवेना. तबल्यालाही कातडेच असते, याची आठवण तिने नम्रपणे करून दिली. आमच्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आम्ही रागावलो. रागाच्या भरात पुढे कित्येक आठवडे तिच्याशी धड बोललो नाही. तिची खुशाली तिच्या आईकडून कळे, आणि आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे करू.

वस्तुतः या बाबतीत आमचे ज्ञान जुने होते. पूर्वी ढोलाला कातड्याचेच पान असे, हे खरे. परंतु कातडे पावसाळी हवेत ओल धरते आणि सैल पडते. गणेशोत्सव तर ऐन भाद्रपदात. तेव्हा सर आली की ढोलाचा आवाज बसे. अमेरिकेतील वादकांनाही हीच अडचण होती. तेथे १९५६-५७ च्या सुमारास चिक एव्हान्स आणि रेमो बेली या दोघांनी कृत्रिम पटलाची पाने प्रचारात आणली. आता आपल्याकडेही पथकांच्या ढोलांना कृत्रिम पाने सर्रास दिसतात. काही ठिकाणी हाताच्या थापेच्या बाजूस मात्र कातडे अजून टिकून आहे. कन्येने पथकात आपली अडचण सांगितली, तेव्हा तिला दोन्ही बाजूंना कृत्रिम पान असलेला ढोल मिळाला. पण एक ढोल निराळा वाजला तर रांगेचा नाद फाटतो. म्हणून तिच्या रांगेतील मुलामुलींनी आपण होऊन तसलेच ढोल घेतले. त्यांत जैन कोणीही नव्हते. ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली, आणि तीही कन्येने सांगितली नाही.

ज्यांनी पुण्याची पथके पाहिली नाहीत, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. उत्सवाच्या दीड-दोन महिने आधी वाद्यपूजन होते आणि मुठेच्या काठी, पुलाखाली किंवा एखाद्या मैदानात संध्याकाळचा सराव सुरू होतो. कोणी महाविद्यालयात शिकणारा, कोणी नोकरीतून सुटून आलेला, कोणी डॉक्टर, तर कोणी दुकानात काम करणारा. कमरेला ढोल बांधला की सारे सारखेच. ढोलाच्या एका बाजूस टिपरू पडते, दुसऱ्या बाजूस हाताची थाप. लय मात्र ताशाच्या हाती असते. ताशा पुढे चालतो, ढोल त्याच्या मागे जातात, झांजा आणि टोल त्यांना धरून राहतात, आणि सर्वांच्या पुढे ध्वज नाचतो. ठेक्याच्या प्रत्येक प्रकाराला ‘हात’ म्हणतात. प्रमुखाने खूण केली की साऱ्या रांगेने एकाच क्षणी हात बदलावयाचा. एकानेही घाई केली, तर चूक त्याची एकट्याची राहत नाही, ती साऱ्या पथकाची होते. सुरुवातीचे दिवस बोटांना फोड येतात आणि कमरेला दोरीचे वळ उठतात. नव्याच्या बोटांना जुना वादक चिकटपट्टी गुंडाळून देतो, आणि पुढल्या वर्षी तो नवा दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांना गुंडाळतो. पथकातील दादा-ताईंचे नाते असे जुळते.

२०२४ साली आमचे धाकटे चिरंजीवही शिक्षणासाठी पुण्यास गेले आणि बहिणीच्या मागोमाग त्याच पथकात शिरले. आठव्या वर्षापासून तबला वाजविलेला हा मुलगा, त्याला वाटले आपणास लगेच ताशा मिळेल. त्यास सांगण्यात आले की, पहिल्या वर्षी ढोल कसावयाचे, दोऱ्या ओढावयाच्या, टिपऱ्यांचा हिशेब ठेवावयाचा आणि वादकांना पाणी द्यावयाचे. आम्हांस हे ऐकून संताप आला. कन्येशी अबोला असताही मुलाचा मात्र अपमान झालासा वाटला. माणसाचे मन असे विचित्र असते. चिरंजीव मात्र म्हणाले, “बाबा, तुम्हीसुद्धा मला गल्ल्यावर बसवण्याआधी वर्षभर गोदामात माल मोजायला लावला होता ना?” यावरही आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली. १९४८ साली याच तारखेला आमचा मराठवाडा आणि सारे हैदराबाद संस्थान मुक्त झाले, म्हणून तो दिवस आम्हांस तसाही स्मरणीय. त्यातच दशलक्षण पर्वाचा तो अखेरचा दिवस. कुटुंबाने हट्ट धरला, आणि आम्ही रात्रीच्या गाडीने पुणे गाठले. यंदा पथके वाजणार की नाहीत, असाही प्रश्न त्याआधी उभा राहिला होता. ३० ऑगस्टच्या सुमारास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एका पथकात ३० हून अधिक वादक नसावेत, असा आदेश दिला होता. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीस स्थगिती दिली. आवाजाची तक्रार सर्वस्वी खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. रस्त्याच्या कडेला आजारी आणि वृद्ध माणसेही राहतात. पथकातली मुलेही कानांत बोळे घालून वाजवितात. तेव्हा या उत्साहाला विवेकाची जोड हवी, हे खरेच.

सकाळी मंदिरात पूजा आटोपून आम्ही दुपारनंतर बेलबाग चौकाच्या पुढे लक्ष्मी रस्त्यावर उभे राहिलो. साडेपाचच्या सुमारास मुलांचे पथक आले. आमचे सारे लक्ष कन्येच्या ढोलाकडे. पांढरा पोशाख, कपाळास घाम आणि नजर ताशाकडे. तिचा आवाज त्या नादातून वेगळा काढावा, म्हणून आम्ही कान टवकारले. काही केल्या तो निघेना! इतके महिने तिने घाम गाळला, आम्ही इतक्या दूरून आलो, आणि आमच्या मुलीचे वाजविणे आम्हांस ऐकूच येऊ नये? मन खट्टू झाले. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही तसे बोलूनही दाखविले. ते म्हणाले, “अहो, ऐकू आली असती तर तिचं चुकलं असतं.”

तेवढ्यात मिरवणूक थांबली. कन्येचे त्या दिवशी एकाशन होते. दुपारी एकदा जेवण, आणि मग सूर्यास्तापर्यंत फक्त उकळलेले पाणी. ऊन उतरत आले होते. आम्ही कुटुंबाला म्हणालो, “आता हिला पाणी कोण देणार?” तोच रांगेतील एका मुलाने तिचा ढोल खालून उचलून धरला, दुसरीने दोरी सैल केली, आणि आमचे चिरंजीव खांद्यावरची पिशवी सावरीत गर्दीतून आले. पिशवीत ताईसाठी उकळलेल्या पाण्याची निराळी बाटली होती. ती पाणी पिऊन होईपर्यंत रांगेतील कोणीही पाण्याला हात लावला नाही. उपवास कोणाचाच नव्हता, तरीही. मग चिरंजीवांनी एकेकास पाणी दिले, एका ढोलाची दोरी ओढून दिली आणि ते मागे सरले. ताशा कडाडला, रांग पुढे चालू लागली. ज्या मुलास आम्ही आठ-दहा वर्षे तबला शिकविला, त्याने त्या दिवशी एक ठोकाही वाजविला नाही. आणि खरे सांगतो, त्याच्या कोणत्याही वादनाने आमचा ऊर जितका भरून आला नव्हता, तितका तेव्हा आला.

दशलक्षणातील दुसरे अंग उत्तम मार्दव, म्हणजे अहंकाराचा त्याग. पर्वात त्याचे प्रवचन आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. मग मुलांचा अभिमान बाळगणे हे मार्दवाच्या विरुद्ध नव्हे काय? आमचे मूल सर्वांत पुढे दिसावे, सर्वांहून मोठ्याने वाजावे, हा अभिमान खचित विरुद्ध आहे. पण आमचे मूल दहा जणांत असे मिसळले की त्यास निराळे काढता येईना, याचा जो आनंद होतो, त्यात अहंकाराला जागाच उरत नाही.

अमेरिकेतही असली पथके आहेत. पहिल्या महायुद्धानंतर तेथील माजी सैनिकांच्या संघटनांनी ती वाढविली, आणि १९७२ पासून त्यांच्या मोठ्या वार्षिक स्पर्धा भरतात. तेथे तरुणांस ठराविक वयापर्यंतच वाजविता येते. त्यांचे आईबाप उन्हाळाभर पथकाबरोबर हिंडतात, शंभर-दीडशे मुलांचा स्वयंपाक करतात, गणवेश शिवतात. मुलांपुढे बसून टाळ्या वाजविण्यापेक्षा मुलांच्या मागे उभे राहून पोळ्या लाटणे, हा अभिमानाचा अधिक चांगला प्रकार होय, असे आता आम्हांस वाटते. पुढल्या वर्षी आमच्या कुटुंबाने पथकासाठी डबे भरून नेण्याचे ठरविले, आणि आम्ही पिशव्या उचलण्याचे.

आमच्या व्यापारी बंधूंना निराळे काय सांगावे? बाजारपेठ हीही एक रांगच आहे. तेथे आपले एकट्याचे टिपरू मोठ्याने वाजविणारा चार दिवस गाजतो, पण लय धरणारा पिढ्यान् पिढ्या टिकतो.

पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी आम्ही हिमायतनगरहून पुण्यास दूरध्वनी केला. दरवर्षी मुले आधी क्षमा मागतात. त्या वर्षी आम्ही आधी मागितली. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग कन्या म्हणाली, “बाबा, मी वाजवलेलं ऐकू आलं का हो तुम्हाला?”

आम्ही म्हणालो, “नाही बेटा. अगदी मुळीच आलं नाही.”

ती हसली. तिला आमचे म्हणणे बरोबर कळले होते.