सर्व्हिसची नोंद नसलेली जुनी मोटार

वाशीच्या 'एमएच-४३' क्रमांकाची जुनी मोटार घेताना नोंदणीपुस्तकातून उत्पादनाचे वर्ष कळते, परंतु इंजिनाचे तेल शेवटचे केव्हा बदलले हे त्यात नसते. म्हणून ते बदललेलेच नाही असे गृहीत धरून तेल, त्याचा फिल्टर आणि कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता रेडिएटरकडे नेणारा द्रव, आधी बदलणे इष्ट ठरते. खरी धास्ती टायमिंग बेल्टची. क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांची गती जुळवणारा हा पट्टा, जो जुन्या सँट्रोसारख्या गाड्यांत आढळतो, गाडी कमी धावली तरी वयाने तडकतो (किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, रबराचे वय नाही), आणि सायन-पनवेल महामार्गावर तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. पट्ट्याऐवजी साखळी असलेल्या इंजिनात ही चिंता कमी असली, तरी मळके तेल साखळीलाही झिजवते.