अग्निबाणाचा तळ आणि त्यापुढील समुद्र

ठाणे ही खाडीकाठची नगरी. कल्याण तर प्राचीन काळी परदेशी गलबतांना परिचित असलेले बंदर. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा निर्देश आढळतो. ठाण्यापासून जवळच असलेल्या विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यात आज 'विकास' हे द्रव इंधनावर चालणारे एंजिन घडते, आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरात घन इंधनाच्या टप्प्यांची कवचे तयार होतात. समुद्र जवळ आणि कारखानेही जवळ. मग अग्निबाण येथून न सुटता आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा बेटावरून का सुटतात, असा प्रश्न ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील जिज्ञासूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधू लागता, 'प्रक्षेपणतळ' या शब्दाचा आपण करीत असलेला अर्थ अपुरा असल्याचे ध्यानात येते.

मराठीत 'तळ' म्हणजे मुक्कामाची जागा. फौजेचा तळ, विमानतळ या शब्दांत, गेलेले परत येणार ही कल्पना गृहीत धरलेली असते. अग्निबाणाचे तसे नाही. उपग्रह कक्षेत जातो, आणि इंधन संपलेले खालचे टप्पे एकामागून एक सुटून दूर अंतरावर कोसळतात. ते जेथे कोसळावयाचे, ते जलपृष्ठही तळाचेच अंग मानले पाहिजे.

विषुववृत्ताजवळ असण्याचा लाभ सर्वज्ञात आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्तावरील भूपृष्ठाला पूर्वेकडे सेकंदास सुमारे ४६५ मीटर वेग असतो. श्रीहरिकोटा येथे तो सुमारे ४५२, तर ठाण्यास सुमारे ४३९ मीटर भरतो. उपग्रहाला मात्र सेकंदास पावणेआठ किलोमीटरांच्या आसपास वेग हवा असतो. त्या मानाने १३ मीटरांचा फरक अल्पच होय. निर्णायक गोष्ट निराळी आहे.

परिवलनाचा लाभ घ्यावयाचा तर उड्डाण पूर्वेकडे झाले पाहिजे. ठाण्यापासून सरळ पूर्वेकडे रेषा ओढली तर तिच्याखाली कल्याणची दाट वस्ती, मग सह्याद्री, जुन्नर, अहिल्यानगर, परभणी व नांदेड हा प्रदेश येतो. पश्चिमेकडे समुद्र मोकळा आहे. परंतु त्या दिशेने गेल्यास परिवलनाचा वेग साह्य करण्याऐवजी विरोध करतो. इस्राएल आपले उपग्रह भूमध्य समुद्रावरून पश्चिमेकडेच सोडते. ते भौगोलिक व राजकीय निरुपायाने, आणि त्याची किंमत उपग्रहाचे वजन घटवून द्यावी लागते. ठाण्याच्या दक्षिणेकडील रेषेवर लक्षद्वीप व मालदीवची बेटे आहेत. थुंबा हेही पश्चिम किनाऱ्यावर आहे, हे खरे. तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण सुटला. पण तो वातावरणाचे निरीक्षण करून समुद्रात पडणारा होता, कक्षेत जाणारा नव्हे.

या दक्षतेचे महत्त्व दोन घटनांवरून स्पष्ट होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला पहिला 'एस.एल.व्ही.-३' मार्ग चुकला आणि बंगालच्या उपसागरात पडला. हानी झाली ती यंत्राची. १८ जुलै १९८० रोजी पुढील प्रयोग यशस्वी झाला. याउलट, १५ फेब्रुवारी १९९६ रोजी चीनमधील शीचांग या समुद्रापासून दूर असलेल्या तळावरून सुटलेला अग्निबाण काही सेकंदांतच तळानजीक कोसळला. अधिकृत आकड्यानुसार त्यात सहा माणसे दगावली. पुढे चीनने हायनान बेटावर समुद्रकाठी नवा तळ उभारला.

श्रीहरिकोट्याची निवड १९६९ मध्ये झाली व ऑक्टोबर १९७१ मध्ये तेथील उड्डाणांस आरंभ झाला. २००२ पासून त्यास सतीश धवन यांचे नाव आहे. तेथे घन इंधन ओतण्याचा मोठा कारखाना आहे, 'एल.व्ही.एम.-३' या अग्निबाणाच्या एकेका पार्श्वटप्प्यात सुमारे दोनशे टन घन इंधन भरलेले असते, आणि असा दाहक भार दूरवरून आणण्यापेक्षा तळावरच सिद्ध करणे इष्ट. दुसऱ्या प्रक्षेपण-मंचाचा वापर २००५ पासून होत आहे. त्यासाठी अग्निबाण स्वतंत्र इमारतीत उभा जोडून रुळांवरून सुमारे एक किलोमीटर नेतात. 'एल.व्ही.एम.-३' चार टनांहून अधिक वजनाचा उपग्रह भूस्थिर कक्षेच्या वाटेवर पोहोचवितो. तिसऱ्या मंचास जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

तथापि हे स्थानही निर्दोष नाही. ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेकडे जावे तर आड श्रीलंका येते. म्हणून अग्निबाण प्रथम आग्नेयेकडे नेऊन मग वळवावा लागतो, आणि त्या वळणात इंधन खर्ची पडते. लहान अग्निबाणांना हा भुर्दंड सोसत नाही. म्हणून तमिळनाडूतील कुलशेखरपट्टिणम् येथे नव्या तळाची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. तेथून दक्षिणेस खुला महासागर आहे.

अर्थात् 'मोकळी जागा' हा शब्दप्रयोगही जपूनच करावा. श्रीहरिकोटा बेट निर्मनुष्य नव्हते. यानादी समाजाची तेथे पूर्वापार वस्ती होती, आणि तळासाठी कुटुंबांना हलावे लागले. समोरचा समुद्रही मच्छीमारांचा आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी त्यांच्या होड्यांना दूर राहण्याची सूचना द्यावी लागते. उड्डाणाचे यश आपण आकाशाकडे पाहून मोजतो. त्याची सुरक्षितता मात्र खालचे पाणी किती रिकामे ठेवता आले यावर ठरते.