अकरा टक्क्यांची दोन टोकं

शंभर रुपयांच्या मालावर १८ टक्के कर असेल तर गिऱ्हाईक ११८ रुपये मोजतं. कर ५ टक्क्यांवर आला की तीच वस्तू १०५ रुपयांना मिळायला हवी. फरक तेरा रुपयांचा, पण ११८ च्या हिशेबाने तो ११ टक्के भरतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, हा ११ टक्क्यांचा फरक आष्टीपासून परळीपर्यंत बीड जिल्ह्यातल्या किराणा दुकानांत लागू झाला. ३ सप्टेंबरला वस्तू व सेवा कर परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, डोक्याला लावायचं तेल, बिस्किटं असा रोजचा माल १८ वरून ५ टक्क्यांवर आला. फरसाण, तूप, भांडी, सायकल १२ वरून ५ वर. वही आणि पेन्सिल थेट शून्यावर.

गंमत झाली ती पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याची. नव्या हिशेबाने त्याची किंमत निघते ४ रुपये ४५ पैसे. आता हे ४५ पैसे द्यायचे कशाने? पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर बाद झालं. पन्नास पैशांचं कायद्याने आजही चालतं, पण बाजाराच्या दिवशी ते गल्ल्यावर ठेवून पाहा, दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. म्हणून लहान पुड्यांची सवलत पैशांत न देता ग्रॅममध्ये द्यायची, भाव तोच ठेवून माल वाढवायचा, असा मार्ग अनेक कंपन्यांनी पुढे केला. देशाच्या करधोरणाला सुट्ट्या पैशांनी अडवावं, हे नवलच!

आता ऊसतोडीला जाणाऱ्या घरात डोकावू. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन हे कोयते दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या पोत्यात बाजरी किंवा ज्वारी असते. सुट्या धान्यावर आणि सुट्या पिठावर कर आधीही नव्हता. १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागला तो २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पिशवीला. गोडं तेल, साखर, चहा पूर्वीही ५ टक्क्यांत होते, आजही तिथेच आहेत. म्हणजे चुलीवरच्या खर्चाला या कपातीचा फारसा हात लागला नाही. लागला तो न्हाणीघरातल्या फळीला, पोरांच्या दप्तराला आणि विडीला. हो, विडीवरचा करही २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्याच वर्षीची दुसरी मोठी सूट, नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही ही, कोयत्याच्या घरापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

बागायतदाराचा फायदा मोठा. ट्रॅक्टर आणि ठिबक १२ वरून ५ टक्क्यांवर आले. सहा लाख मूळ किमतीच्या ट्रॅक्टरवर ४२ हजार रुपये वाचतात. पण घटस्थापनेच्या त्याच आठवड्यात सिंदफणा नदीला पूर आला आणि उभी पिकं पाण्याखाली गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातही एक करमाफी होती, जमीन महसुलाची. दुष्काळ-अतिवृष्टीत शेतसारा सोडण्याची रीत फार जुनी आहे. मात्र आज सारा इतका किरकोळ उरला आहे की त्या माफीने घराचा एक दिवसही निघत नाही.

बीडच्या घराला खरी झळ लागली ती दुसऱ्याच एका करकपातीची. ३० मे २०२५ रोजी केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केलं. तेल स्वस्त व्हावं हा हेतू. पण बाहेरचं तेल स्वस्तात आलं की इथल्या सोयाबीनचा भाव दबतो. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये असताना त्या हंगामात बाजारात सोयाबीन त्याच्या बऱ्याच खाली विकलं गेलं. मग १९ ऑगस्टला कापसावरचं आयात शुल्क शून्य झालं. मूळ शुल्क ५, कृषी अधिभार ५ आणि त्यांवरचा उपकर धरून ते किती होतं? बरोबर ११ टक्के. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने अडचणीत आलेल्या कापडगिरण्यांना दिलासा म्हणून आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत ही सूट दिली गेली. गेवराई, माजलगाव, वडवणीच्या शेतात कापूस वेचायचे महिने नेमके हेच.

हिशेब मांडून पाहू. समजा, एक घर १८ टक्के करवाल्या वस्तूंवर महिन्याला हजार रुपये खर्च करत होतं. कपातीने त्याचे ११० रुपये वाचले, वर्षाला १,३२०. त्याच घराने दहा क्विंटल कापूस विकला आणि भाव क्विंटलमागे पाचशेने कमी मिळाला, तर गेले ५,००० रुपये. भाव पडायला शुल्क हे एकच कारण नसतं, हे खरं. तरीही बीडमध्ये विकत घेणारा आणि पिकवणारा बहुधा एकाच छपराखाली राहतो, ही गोष्ट दिल्लीच्या कोष्टकात बसत नाही. पगारदाराच्या घराला २०२५ ची करकपात फायद्याची ठरली. कापूस-सोयाबीनवाल्याच्या घराबद्दल तसं म्हणता येत नाही.