ज्ञान दुकानाच्या दारी

विद्यार्थी मित्रांनो, हिशोब, दुकान, बाजार, नफा हे शब्द तुम्ही घरी रोज ऐकता. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीतही रुळले आहेत. आज दुकानदारी बदलत आहे. मग हिशोब जुनाच राहून कसे चालेल?

उमरगा हे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. ते सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. येथे किराणा, कापड, बी-बियाणे यांची लहान दुकाने आहेत. २०१६ मध्ये यूपीआय ही मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत देशात सुरू झाली. आता लहान दुकानातही मोबाइलवरून पैसे घेतात. पण पैसे मोबाइलवर आले, म्हणजे हिशोब पूर्ण झाला का? कोणता माल संपला? कोणता पडून आहे? उधारी कोणाकडे किती? हे वही चाळल्याशिवाय कळत नाही.

दुकानदाराजवळ अनुभव असतो, पण संगणकाची सवय नसते. पदवीधर तरुणाला संगणक येतो, पण त्याला बाजार ठाऊक नसतो. या दोघांची गाठ कोणी घालून द्यावी?

ब्रिटनमध्ये १९७५ साली यासाठी एक योजना सुरू झाली. पदवीधर तरुण उद्योगात काम करतो, विद्यापीठातील प्राध्यापक त्याला मार्गदर्शन करतात आणि सरकार खर्चाचा काही भाग उचलते. ही योजना आजही वेगळ्या नावाने चालू आहे.

महाराष्ट्रात राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये ‘महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावांत पोहोचला. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या शिक्षणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला महत्त्व दिले. उमरग्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील विद्यार्थ्याला हा अनुभव गावातल्या दुकानातही घेता येईल.

समजा, अशी एक विद्यार्थिनी किराणा दुकानात गेली. तिने प्रथम काय करावे? आल्याआल्या संगणक उघडू नये. आठ दिवस काम पाहावे. जुन्या मुनीमजींना प्रश्न विचारावेत. कोणते गिऱ्हाईक सुगी झाल्यावर पैसे देते, हे संगणकाला नव्हे, मुनीमजींना माहीत असते! मग मालाची यादी करावी. रोजची विक्री व उधारी संगणकात नोंदवावी. काही दिवसांनी पडून राहिलेला माल आपोआप लक्षात येईल. दुकानाचा हिशोब बाहेर कोणाला सांगू नये. शेवटी दुकानदाराला सारे काम स्वतः करता आले पाहिजे. ती गेल्यावर संगणकावर धूळ बसली, तर तिचे शिकवणे अपुरे राहिले असे समजावे.

मित्रांनो, यंत्र विकत मिळते; त्याचा वापर मात्र माणसानेच माणसाला शिकवावा लागतो. शिकलेले तरुण कामासाठी मोठ्या शहरांत जातात. त्यांच्या ज्ञानाची गरज आपल्या गावच्या बाजारालाही आहे, हे विसरू नका.

शब्दार्थ
रुळणे – नेहमीच्या वापरात येणे
मुनीम – दुकानाचा हिशोब लिहिणारा
सुगी – पीक हाती येण्याचा काळ

स्वाध्याय
१. मोबाइलवर पैसे आले तरी हिशोब पूर्ण का होत नाही?
२. विद्यार्थिनीने मुनीमजींना प्रश्न का विचारावेत?
३. तुमच्या परिसरातील एका दुकानदाराला भेटा. ते हिशोब कसा ठेवतात, ते पाच वाक्यांत लिहा.