चार घरांचा तक्ता
१९९७ च्या सप्टेंबरात स्टीव्ह जॉब्स यांनी ‘अ‍ॅपल’ या अमेरिकी संगणक-कंपनीचा कारभार हंगामी प्रमुख म्हणून हाती घेतला, तेव्हा त्याच महिन्यात संपलेल्या वर्षाच्या हिशेबात १०० कोटी डॉलरांहून अधिक तोटा होता, आणि एकाच संगणकाचे इतके नमुने बाजारात होते की त्यांतील भेद उमगणे ग्राहकास दुरापास्त झाले होते. जॉब्स यांनी फळ्यावर चार घरांचा तक्ता आखला: सामान्य ग्राहक व व्यावसायिक, मेजावरचा संगणक व सोबत नेण्याचा; प्रत्येक घरात एकच उत्कृष्ट यंत्र असावे आणि उर्वरित सर्व रद्द व्हावे, असा त्यांचा दंडक होता. ज्यावर अभियंत्यांनी वर्षानुवर्षे जीव ओतला होता, ते ‘न्यूटन’ हे हातात मावणारे यंत्रही फेब्रुवारी १९९८ मध्ये बंद झाले, आणि एकाग्रतेची खरी किंमत मला येथेच दिसते. सप्टेंबर १९९८ मध्ये संपलेल्या हिशेबी वर्षात कंपनीने ३०.९ कोटी डॉलर नफा नोंदविला. त्याचे सारे श्रेय ‘आयमॅक’ या नव्या संगणकाला देणे मात्र न्याय्य नाही; तो विक्रीस आला ऑगस्टात, ते वर्ष संपण्यास जेमतेम सहा आठवडे उरले असताना. श्रेयाचा वाटा काटकसरीलाही जातो: त्या वर्षभरात गुदामांत अडकलेला माल ४३.७ कोटी डॉलरांवरून ७.८ कोटींवर आला होता.