८५ वॉटचा जुना अ‍ॅम्प देऊन १५ वॉटचा घ्यावा का? आधी हे गणित समजून घ्या

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरात एक जड, काळा खोका असतो. कुणी तो कॉलेजच्या बँडसाठी सेकंड हँड घेतलेला असतो, कुणाच्या मामाने अमेरिकेहून परत येताना सामानात आणलेला असतो. पुढे बँड मोडतो, नोकरी लागते, शहर बदलतं. खोका मात्र भाड्याच्या वन बीएचकेच्या कोपऱ्यात बसून राहतो आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात. कधी हुक्की आलीच आणि व्हॉल्यूम एकवरून दोनवर नेला, तर खालच्या मजल्यावरच्या काकू दारात हजर.

मग कुणीतरी सुचवतं, "देऊन टाक ना हा. बदल्यात छोटा घे." दुकानदारही एक्सचेंजला तयार असतो. घरातली जागा मोकळी होणार, पाठ वाचणार, काकू खूश. नाही म्हणायला कारणच उरत नाही.

पण इथेच एक गफलत होते. छोटा अ‍ॅम्प म्हणजे कमी आवाजाचा अ‍ॅम्प, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. ते का, हे कळलं की हा व्यवहार करायचा की नाही, हेही बऱ्यापैकी कळतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक जोडी घेऊ. जुना अ‍ॅम्प म्हणजे फेंडर ट्विन रिव्हर्ब: ८५ वॉट, १२ इंची दोन स्पीकर, वजन सुमारे २९ किलो. नवा म्हणजे त्याच कंपनीचा ब्लूज ज्युनियर: १५ वॉट, १२ इंची एक स्पीकर, वजन सुमारे १४ किलो. दोन्ही ट्यूबवर चालणारे.

मुळात हे अ‍ॅम्प एवढे मोठे का झाले?

१९६० च्या दशकात कार्यक्रमाच्या हॉलमधली साउंड सिस्टिम प्रामुख्याने गायकाच्या आवाजासाठी असायची. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची जबाबदारी अ‍ॅम्पची. गर्दी वाढली तसे अ‍ॅम्प वाढले. १९६५ मध्ये 'द हू' या बँडला जास्त आवाज हवा होता, म्हणून लंडनच्या जिम मार्शल यांनी १०० वॉटचे अ‍ॅम्प बनवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर १०० वॉटचे व्हॉक्स अ‍ॅम्प घेऊन उभे राहिले. तरी चाहत्यांच्या किंकाळ्यांपुढे त्यांचं वाजवणं धड ऐकू आलं नाही.

आज चित्र वेगळं आहे. अ‍ॅम्पसमोर एक माइक ठेवला की पुढचं काम हॉलची साउंड सिस्टिम करते. म्हणजे ज्या गरजेतून मोठे अ‍ॅम्प जन्मले, ती गरज बहुतेकांसाठी संपली आहे. छोटा अ‍ॅम्प घेण्याच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम मुद्दा.

वॉट सहापट कमी, आवाज किती कमी?

आता ते गणित. ८५ वॉटच्या तुलनेत १५ वॉट म्हणजे जवळपास सहापट कमी. पण कान वॉट मोजत नाही. वॉट निम्मे केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. आवाज ऐकायला साधारण निम्मा वाटावा, तर वॉट दहापट कमी करावे लागतात.

या हिशोबाने ८५ वरून १५ वर आलात, तर फरक पडतो साडेसात डेसिबलचा. दोन्ही अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने वाजवले आणि स्पीकर सारखे धरले, तर छोटा अ‍ॅम्प मोठ्याच्या निम्म्याहून थोडा जास्तच मोठा वाजेल.

शिवाय गिटार अ‍ॅम्पमधले बरेचसे स्पीकर अवघ्या एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, ९५ ते १०० डेसिबल आवाज देतात. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंती, दारं, अंतर यामुळे आवाज घटतो हे खरं, तरीही अंदाज यायला हे आकडे पुरेसे आहेत. घरात वाजवताना तुमचा ८५ वॉटचा अ‍ॅम्प एका वॉटचा काही अंशच वापरत असतो. १५ वॉटचा घेतलात तरी तोही तेवढाच वापरेल.

थोडक्यात, काकूंचा प्रश्न १५ वॉटने सुटत नाही. बेल पुन्हा वाजणार.

मग छोट्यात मिळतं काय?

तीन गोष्टी नक्की मिळतात.

पहिली, वजन. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर २९ किलो चढवणं आणि १४ किलो चढवणं यात काय फरक आहे, ते चढवणाऱ्यालाच विचारा. वजनामुळे तुम्ही जॅमिंगला जायचं टाळत असाल, तर फक्त एवढ्या कारणासाठीही बदल योग्य ठरू शकतो.

दुसरी, आवाजाचा पोत. ट्यूब अ‍ॅम्पला जोर दिला की आवाज हळूहळू फाटायला लागतो. रॉक आणि ब्लूजमधली ती ओळखीची खरखर इथून येते. ट्विन मुळात स्वच्छ, खणखणीत आवाजासाठीच बनलेला. तो फाटायला लागेपर्यंत खिडकीच्या काचा थरथरतात. छोटा अ‍ॅम्प त्या टप्प्यावर लवकर पोहोचतो. म्हणूनच स्टुडिओत छोट्या अ‍ॅम्पना मान आहे. एरिक क्लॅप्टन यांच्या १९७० च्या 'लैला' अल्बमच्या रेकॉर्डिंगमध्ये फेंडरचा चॅम्प हा जेमतेम ५ वॉटचा अ‍ॅम्प वापरला गेला होता.

तिसरी, देखभालीचा खर्च. ट्विनमध्ये चार पॉवर ट्यूब आणि सहा छोट्या ट्यूब असतात. ब्लूज ज्युनियरमध्ये दोन पॉवर आणि तीन छोट्या. गिटार अ‍ॅम्पच्या ट्यूब आज प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. आपल्याकडे त्या आयात होऊनच येतात, त्यामुळे दहाऐवजी पाच ट्यूब ही बचत छोटी नाही.

आणि जातं काय?

तुम्ही अजूनही ड्रमरसोबत वाजवत असाल आणि तुम्हाला स्वच्छ आवाज लागत असेल, तर १५ वॉट तोकडे पडू शकतात. ड्रमच्या बरोबरीने ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की तो फाटायला लागतो, तुम्हाला हवा असो वा नसो. त्यावर माइक हा उपाय आहे, पण तुमच्या प्रॅक्टिस रूममध्ये तशी सोय आहे का, ते आधी पाहा.

दुसरं, मोठ्या कॅबिनेटमधून दोन स्पीकर जो भरदार खालचा सूर देतात, तो छोट्या खोक्यातून तसाच येत नाही.

तिसरं, किंमत. ट्विन रिव्हर्ब १९६३ मध्ये बाजारात आला. १९६५ च्या सुरुवातीला सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली. त्या आसपासचे, मूळ सुटे भाग शाबूत असलेले अ‍ॅम्प संग्राहक शोधत असतात. पुढे त्याच डिझाइनचे नवे अ‍ॅम्पही निघाले आणि दिसायला ते जवळपास सारखेच. तुमच्याकडचा नेमका कोणता आहे हे न तपासता एक्सचेंजला देणं म्हणजे आजीची पाटली वजन न करता सोनाराच्या हातात ठेवण्यासारखं.

द्यायच्या आधी त्याला झालंय काय, ते बघा

बरेच जण अ‍ॅम्प देतात ते तो मोठा आहे म्हणून नाही, तर तो आता पूर्वीसारखा वाजत नाही म्हणून. सतत घूं-घूं येते, नॉब फिरवला की खरखरतं, आवाज दबल्यासारखा वाटतो. यातलं बरंचसं दुरुस्त होतं. पॉवर ट्यूब वापराने झिजतात. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीसेक वर्षांत थकतात. खरखरणारा नॉब अनेकदा नुसत्या सफाईने सुधारतो.

पण हे स्वतः उघडून करू नका. ट्विनच्या आत ४०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. जीवाशी खेळ आहे. ट्यूब अ‍ॅम्पचं काम येणारा माणूसच गाठा.

अमेरिकेहून आणलेला अ‍ॅम्प असेल तर मागची पट्टी वाचा. त्यावर १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावायचा नाही. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. विकतानाही समोरच्याला हे सांगायला विसरू नका.

काकूंच्या बेलवरचा खरा उपाय

अडचण फक्त आवाजाची असेल, तर अ‍ॅम्प न बदलताही मार्ग आहेत. ट्विनसारखा स्वच्छ आवाजाचा अ‍ॅम्प हळू ठेवून पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल लावलं, तर कमी आवाजातही खरखर मिळते. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये लावायचा अटेन्युएटर हा दुसरा मार्ग. तो घेताना त्याची वॉटची क्षमता आणि ओहम तुमच्या अ‍ॅम्पशी जुळतात का ते बघा. मात्र आवाज नको म्हणून ट्यूब अ‍ॅम्पच्या स्पीकरची वायर काढून तो चालू करायचा नाही. ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

रात्रीच वाजवायला वेळ मिळत असेल, तर उत्तर हेडफोन. त्यासाठी १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प नाही, तर हेडफोनची सोय असलेला डिजिटल अ‍ॅम्प हवा. यामाहाचा टीएचआर, बॉसचा कटाना ही त्यातली परिचित नावं. कटानाच्या ५० वॉटच्या मॉडेलमध्ये ताकद अर्ध्या वॉटपर्यंत खाली आणायचं बटणही आहे.

मग व्यवहार करायचा की नाही?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: गेल्या सहा महिन्यांत मी कुठे आणि किती वाजवलं?

फक्त घरात आणि रात्री, असं उत्तर असेल, तर हेडफोनवाला छोटा अ‍ॅम्प घ्या. जुना विकायचा की ठेवायचा, हे नंतर निवांत ठरवा. अ‍ॅम्प उचलून न्यावा लागतो म्हणून बाहेर वाजवणंच थांबलं असेल, तर छोटा ट्यूब अ‍ॅम्प तुमच्यासाठी आहे. दर आठवड्याला ड्रमरसोबत वाजवत असाल, तर जुन्याची सर्व्हिसिंग करून घ्या आणि खाली चाकं लावा.

व्यवहार ठरलाच, तर दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा आणि नवा अ‍ॅम्प तुम्ही घरी वाजवता तेवढ्याच आवाजात ऐका. दुकानात मोठ्याने सगळंच भारी वाटतं. जुन्याची रोख किंमत आणि एक्सचेंजची किंमत वेगवेगळी विचारा. दुकानदाराला तो पुढे विकून नफा काढायचा असतो, त्यामुळे थेट एखाद्या गिटारिस्टला विकल्यास अनेकदा जास्त मिळतात.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. पण हातचं वर्षानुवर्षं नुसतं कपडे ठेवायच्या कामी येत असेल, तर ते सोडण्यात वाईट काही नाही. वर्ष तपासा, दुरुस्तीचा खर्च विचारा, किंमत काढा. एवढं करूनही द्यावासा वाटला तर खुशाल द्या, शक्यतो रोज वाजवणाऱ्या माणसाला.