फडातले दोघे

दिवाळी सरली की पाथर्डी तालुक्यातल्या वाड्यावस्त्या ओस पडतात. ऊसतोडीला कोयता निघतो. कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या फडात काय दडलेलं असतं, हे गेल्या काही दशकांत आधी कळलं ते या तोडणाऱ्यांना. पाचटात ठिपक्यांची इवली पिल्लं दिसली की ‘बिबट्या!’ म्हणून टोळी मागे सरायची आणि तोड थांबायची. कधीकधी ती वाघाटीची निघायची.

वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. मोठा बोकाही दीड किलोच्या आसपास. शास्त्राला ती १८३१ पासून ठाऊक आहे, पण तिला शोधायचं ते जंगलातच, असा समज फार काळ टिकला. पाथर्डीच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या शेतशिवारात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी बिबट्यांसाठी कॅमेरे लावले. चौरस किलोमीटरमागे तीनशेहून जास्त माणसं असलेला तो मुलूख. २०१३ साली छापलेल्या त्या अभ्यासात बिबट्या-तरसांच्या जोडीला वाघाटीचेही फोटो होते. नोंदी अशा ठिकठिकाणांहून येत गेल्या आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत वाघाटी ‘असुरक्षित’वरून एक पायरी खाली, ‘संकटसमीप’ गटात आली. मांजरं वाढली असं नव्हे. आपण बघायला लागलो, इतकंच.

हिरवी मुनिया या पाखराचं गणित उलटं. हीही उंच गवतात नि उसात घरटं बांधणारी, जेमतेम दहा सेंटीमीटरची. पाठ हिरवी, पोट पिवळं, कुशीवर काळे-पांढरे पट्टे, चोच लाल. पाथर्डीत ती बघायला मिळेल अशी आशा धरू नये. माउंट अबूच्या उतारांवर तिचे थवे अजून दिसतात. पण ती दिसली की पाखरं धरणाऱ्याचं जाळं पडतं, पुढे पिंजरा. पिंजऱ्यातल्या पाखरांच्या व्यापारानेच तिला मुख्यतः ‘असुरक्षित’ करून ठेवलं. मला यातली खोच हीच वाटते: मांजराला नजरेत येणं फळलं, पाखराला भोवलं.

वाघाटीची पिल्लं सापडली तर आता बरेचदा वनखात्याला फोन जातो. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट्या निवारा केंद्राचं पथक ती संध्याकाळी त्याच बांधावर खोक्यात ठेवतं. रात्री आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. यात कोयत्याचा मोठा हात आहे. वाकून तोडणाऱ्या माणसाला पाचट हललेलं दिसतं. आता फडात हार्वेस्टर उतरू लागलाय. त्याच्या केबिनमधून उसाचे शेंडे तेवढे दिसतात.